प्लांटचं टारगेट झालं, रेटिंगही चांगलं, तरी इन्क्रिमेंट ६.५ टक्केच काऊन?

बुटीबोरीचा_भाऊ

लोकहो, डोस्कं फिरलंय म्हणून धागा काढून राहिलो, मोठा आहे, चहा घेऊन बसा.

मी नागपूरजवळ बुटीबोरीला एका मोठ्या कंपनीच्या प्लांटमध्ये आहे, नाव विचारू नका, नोकरी आहे. डेप्युटी मॅनेजर, प्रॉडक्शन, अकरा वर्षं झाली. परवा इन्क्रिमेंटची लेटरं आली. आमच्याकडे अजून पाकीट देतात. प्लांट हेड एकेकाला केबिनमध्ये बोलावतो, उभा राहून हात मिळवतो अन् पाकीट देतो, त्यावर कॉन्फिडेन्शियलचा लाल शिक्का, अन् जेवणाच्या सुट्टीपर्यंत कँटीनच्या भांडेवाल्यालाही सगळ्यांचे टक्के पाठ.

तर माझं रेटिंग 'एक्सीड्स', म्हणजे अपेक्षेपेक्षा जास्त. लाइन १०३ टक्के चालली, वर्षभरात एक अपघात नाही, मे महिन्यात ४६ डिग्रीत शटडाऊन घेतला तेव्हा बारा दिवस घरी फक्त झोपायला गेलो. वाढ किती, ६.५ टक्के. फिक्स्ड पगार वर्षाला १९ लाख २० हजार आहे, म्हणजे महिन्याला १०,४०० वाढले, त्यातून टॅक्स. ठीक आहे म्हटलं असतं. पण मागच्या वर्षी बाहेरून आलेला एक पोट्टा आहे, माझ्याच ग्रेडमध्ये, फिक्स्ड १३ लाख ६० हजार, रेटिंग 'मीट्स', म्हणजे अपेक्षेइतकं, त्याला ११ टक्के! म्हणजे रुपयांतही माझ्यापेक्षा जास्त. चांगला पोट्टा आहे, त्याच्यावर राग नाही, मीच त्याला लाइन शिकवली.

व्हेरिएबलचं, म्हणजे कामगिरीवरच्या वार्षिक बोनसचं, तर समजलंच नाही. टारगेट २ लाख ४० हजार, माझा स्कोअर १२० टक्के लिहून आहे, मी मनात २ लाख ८८ हजार धरून बसलो होतो. लेटरमध्ये २,०१,६००.

अन् वरून काल सोसायटीतल्या एका काकांनी कंपनीच्या अ‍ॅन्युअल रिपोर्टची पीडीएफ पाठवली. एमडीच्या मानधनात ३४ टक्के वाढ. चौतीस. हे ठरवतं कोण अन् कसं, एवढंच सांगा कोणीतरी.

तर्रीवाला

भाऊ १९ लाख अन् रडून राहिला बे. रविवारी तर्री-पोहे तुझ्याकडून, एक्स्ट्रा तर्री, मग बोलू.

पहिला_जॉब

मी परसोडीच्या आयटी पार्कात आहे, आमच्याकडे पाकीट पण नाही, पोर्टलवर पीडीएफ येते रात्री १२ ला आणि एचआरचा चॅटबॉट म्हणतो काँग्रॅच्युलेशन्स. मला ४ टक्के. धागा फॉलो करतोय.

कॉम्पबेन_ताई

भाऊ, मी चौदा वर्षं ह्याच खात्यात आहे, कॉम्पेन्सेशन आणि बेनिफिट्स, आधी पुण्याला होते, आता मिहानमध्ये. तुमच्या आकड्यांवरून बरंच कळतंय.

आधी व्हेरिएबल घेऊ, ते सोपं आहे. २,०१,६०० भागिले २,४०,००० म्हणजे बरोब्बर ८४ टक्के. तुमचा स्वतःचा फॅक्टर १२०. ८४ ला १.२ ने भागा, ७० येतात, अगदी पूर्ण, दशांश नाही. म्हणजे कंपनी फॅक्टर ७० होता आणि तुमच्याकडे दोन्हींचा गुणाकार करतात. काही कंपन्या गुणाकाराऐवजी वजन लावून बेरीज करतात, समजा ६० टक्के कंपनीचं आणि ४० टक्के माणसाचं, तर तुमचे ४२ अधिक ४८ असे ९० टक्के झाले असते, २ लाख १६ हजार. त्याच वर्षी, त्याच कामाला, फक्त फॉर्म्युला बदलला की १४,४०० चा फरक. पॉलिसीत ही एक ओळ असते आणि ती कोणी वाचत नाही.

आता ७० का? प्लांटने १०३ केलं हे तुमचं खरं, पण कंपनी फॅक्टर प्लांटच्या टनांवर नसतो, तो सगळ्या कंपनीच्या एबिटावर असतो, म्हणजे व्याज-घसारा-कर धरायच्या आधीच्या नफ्यावर. आणि तो सरळ टक्क्याला टक्का असाही नसतो. नेहमीची पद्धत अशी की बजेटच्या ८० टक्के नफा झाला तर फॅक्टर ५०, शंभर टक्के झाला तर १००, मधे सरळ रेघ, आणि ८० च्या खाली भोपळा. ह्या रेघेवर ७० शोधा, ८८ वर सापडतात. तुमच्याकडेही हीच रेघ असेल तर कंपनी बजेटपेक्षा १२ टक्के कमी पडली आणि तुमच्या खिशातून ३० टक्के गेले. वर जातानाही तशीच रेघ असते म्हणा, पण ती दीडशे-दोनशेला कापलेली असते.

इन्क्रिमेंटचं उद्या लिहिते, पोराची शाळेची बस चुकेल.

तर्रीवाला

ताई तं गुप्तहेरच निघाल्या! २ लाखाच्या आकड्यातून कंपनीचा नफा काढला बावा. भाऊ तुझं प्लांट कोणतं ते पण काढतील आता, लेटर डिलीट कर.

बुटीबोरीचा_भाऊ

मी आत्ता मागच्या तिमाहीचं टाऊनहॉलचं प्रेझेंटेशन काढून पाह्यलं. एबिटा, बजेटच्या ८८ टक्के. ताई, पाया पडतो.

पण मग माझा प्रश्न उरतोच ना. नफा कमी झाला तो दुसऱ्या दोन प्लांटमुळे अन् कच्च्या मालाच्या भावामुळे, त्यात नागपूरच्या शिफ्टने काय करायचं होतं?

कोळसा_निवृत्त

मी कोळशाच्या कंपनीतून निवृत्त झालो, सिव्हिल लाइन्सला ऑफिस, बाकी ओळख पटेल त्यांना पटेल. सरकारी कंपन्यांत ह्याचं उत्तर नियमातच लिहून ठेवलंय. २०१७ च्या वेतन सुधारणेत डीपीईने, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक उपक्रम विभागाने, अधिकाऱ्यांच्या पीआरपीला, म्हणजे परफॉर्मन्स रिलेटेड पे ला, जी सूत्रं दिली त्यात ५० टक्के वजन कंपनीचं, ३० टक्के टीमचं म्हणजे युनिट-प्लांटचं, आणि २० टक्के माणसाचं. हे मधलं ३० आहे ना, ते तुमच्याकडे नाही, म्हणून तुमचा प्लांट १०३ जाऊन उपयोग झाला नाही. पैसा पण कुठून येणार ते ठरलेलं, मूळ धंद्याच्या नफ्याच्या जास्तीत जास्त ५ टक्के, त्यातही बँकेत पडून असलेल्या पैशाचं व्याज धरायचं नाही, आणि तो ६५:३५ ह्या प्रमाणात, ६५ यंदाच्या नफ्यातून आणि ३५ गेल्या वर्षीपेक्षा जो वाढला त्यातून. वार्षिक वाढ सगळ्यांना ३ टक्के, कोणाला पाकिटाची धाकधूक नाही.

आता ह्याचेही हाल सांगतो. आधी २००७ च्या सुधारणेत असं होतं की दर शंभरात दहा जण 'बिलो पार' दाखवायचेच. मी स्वतः त्या कमिटीत बसलोय. दहा टक्के नालायक आणायचे कुठून? मग आम्ही काय करायचो, त्या वर्षी निवृत्त होणारे, नुकतेच बदली होऊन आलेले, आणि जो कधी तोंड उघडणार नाही असा एखादा खाणीवरचा सज्जन, ह्यांना टाकायचो. त्या सज्जनाची बायको एकदा माझ्या घरी डबा घेऊन आली होती, अनारसे होते, तिला काही माहीत नव्हतं. २०१७ ला ती सक्ती गेली. वरच्या टोकाला 'आउटस्टँडिंग' पंधरा टक्क्यांवर नको, हे मात्र राहिलं.

आणि कामगारांचं वेगळं. त्यांना दुर्गापूजेच्या आधी जो बोनस मिळतो तो युनियनबरोबर बसून ठरतो, २०२४ ला ९३,७५० रुपये, सगळ्यांना एकच आकडा. रेटिंग नाही, किती टक्के लोक वर आणि किती खाली ते आधीच ठरवणारा बेल कर्व्ह नाही. रात्री उशिरा दिल्ली-कोलकात्यात बैठक चालू असायची आणि इथे उमरेड-वणीला लोक फोनला चिकटून.

पहिला_जॉब

काका म्हणजे सरकारी कंपनीत जास्त काम करून पण तेवढेच?

कोळसा_निवृत्त

बाळा, कमी काम करून पण तेवढेच. दोन्ही बाजूनी बघायचं असतं.

कॉम्पबेन_ताई

आले. इन्क्रिमेंट.

भाऊ, मनातून एक गोष्ट काढून टाका की साहेबाने तुमच्या कामाकडे बघून ६.५ ठरवले. साहेबाच्या हातात टक्के नसतातच. क्रम उलटा असतो. जानेवारीत वर ठरतं की पगाराचं बिल यंदा किती टक्क्यांनी वाढू द्यायचं. त्यासाठी बाहेरचे सर्व्हे घेतात, कन्सल्टंट लोक दोनदा आकडे देतात, भारतात गेली काही वर्षं ते साधारण नऊ-साडेनऊच्या घरात आहेत. मग फायनान्सवाला म्हणतो नफा ८८ आला, दोन टक्के कमी करा. समजा ठरलं साडेसात. हे झालं पीठ. आता जेवढं पीठ तेवढ्याच भाकऱ्या, एकाला मोठी केली की दुसऱ्याची लहान करायची.

वाटपाला एक चौकट असते, मेरिट मॅट्रिक्स म्हणतो आम्ही. उभ्या बाजूला रेटिंग, आडव्या बाजूला तुम्ही तुमच्या बँडमध्ये, म्हणजे ग्रेडच्या पगाराच्या पट्ट्यात, कुठे आहात ते. प्रत्येक ग्रेडचा एक मिडपॉइंट असतो, बाजारात त्या कामाला जे मधलं मिळतं ते. तुमचा पगार भागिले मिडपॉइंट, ह्याला कॉम्पा-रेशो. तुमच्या ग्रेडचा मिडपॉइंट समजा १७ लाख, तर तुम्ही १.१३ आणि तो मुलगा ०.८०. बहुतेक ठिकाणी चौकट अशी दिसते, 'एक्सीड्स' असून पगार बँडच्या खालच्या भागात असेल तर १३-१४ टक्के, मधे १०, आणि १.१ च्या वर असेल तर ६.५. 'मीट्स' असून खालच्या भागात, ११. ओळखीचे आकडे वाटतात का?

म्हणजे कंपनीच्या डोक्यात हिशेब असा की भाऊला बाजारात १७ मिळतील आणि आपण १९ देतोय, तो जाणार नाही. त्या मुलाला १३ देतोय, तो डिसेंबरमध्ये जाईल. क्रूर आहे पण खोटं नाही. इन्क्रिमेंट हा कामाचा मोबदला आहे असं आपण समजतो, ते आहे तुम्ही सोडून जाल का ह्या भीतीची किंमत.

आणि रेटिंगसुद्धा तुमच्या साहेबाचं नसतं. मी किती कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंगं एकत्र बसून जुळवायच्या, मीटिंगा बघितल्या. हेड ऑफिसला मोठी स्क्रीन, त्यावर एक्सेल, नावांच्या पुढे रंग. सकाळी अकराला सुरू झालेलं संध्याकाळी साडेसातला संपत नाही, समोसे गार झालेले, आणि 'एक्सीड्स' तीन जास्त झालेत, तीन खाली आणा. ज्याचा फंक्शन हेड त्या खोलीत बसलाय त्याची माणसं वाचतात. नागपूर प्लांटचा हेड व्हीसीवर असतो, 'हॅलो हॅलो, माझा आवाज येतोय का' म्हणेपर्यंत रंग बदललेला असतो. एका वर्षी खरोखर असं झालं, नेटवर्क गेलं, आणि इकडे मी हात वर करून सांगितलं की थांबा त्यांना जोडू द्या, तर मला म्हणाले नंतर कळवू. तुमचं 'एक्सीड्स' त्या खोलीतून सुटून आलंय, म्हणजे तुमचा हेड नक्की भांडलाय. त्याला एकदा थँक यू म्हणा.

इतवारी_गल्ला

आमची इतवारीत किराण्याची होलसेल गादी. तीन पिढ्या. आमच्या मुनीमजींना दिवाळीला माझे वडील एक रक्कम देतात, हातात, आणि म्हणतात कमी वाटत असेल तर सांगा. २२ वर्षांत त्यांनी एकदा सांगितलं, मुलीचं लग्न होतं. हे तुमचं कॉम्पा-फिम्पा वाचून मला वाटलं की साधं विचारायची सोय गेली की मग चौकटी येतात.

कॉम्पबेन_ताई

गल्ला भाऊ, तुमच्याकडे मुनीमजी एक आहेत. आमच्याकडे नऊ हजार. आणि खरं सांगायचं तर मुनीमजींनी बावीस वर्षांत एकदाच मागितलं ह्याचा अर्थ एकवीस वर्षं पुरत होतं असा होत नाही.

काउंटरपलीकडे

मी खाजगी बँकेत, वर्धा रोडच्या ब्रांचला. आमचं इन्सेंटिव्ह वेगळंच प्रकरण. दर महिन्याला स्लॅब. इतके विमे, इतकी कार्डं, इतकी खाती, की इतके पैसे. २८ तारखेनंतर ब्रांचमध्ये कोणी पेन्शनर आले की आम्ही त्यांच्याकडे कसे बघतो ते आम्हालाच माहीत. एकदा एका आजोबांना, वय ७४, युलिप, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेला विमा, विकायला लावला होता मला. मी नाही विकला, दुसऱ्याने विकला. त्याला बक्षीस म्हणून बँकॉकची ट्रिप.

अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेचं २०१६ ला बाहेर आलं ते गुगल करा. एका ग्राहकाला आठ-आठ प्रॉडक्ट विकायचं टारगेट, मग कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता लाखोंनी खाती उघडली. खालची ५ हजारांवर माणसं काढली, १८५ मिलियन डॉलर दंड, आणि मग वरच्या सीईओचे आधी दिलेले शेअर परत घेतले.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने त्यावर वरच्या लोकांपुरते नियम केलेत, नोव्हेंबर २०१९ चे, एप्रिल २०२० पासून लागू. खाजगी बँकेच्या सीईओचा निम्मा तरी पगार व्हेरिएबल पाहिजे, व्हेरिएबल फिक्स्डच्या तिपटीवर जायला नको, त्यातला मोठा भाग रोख नाही तर शेअरच्या रूपात, आणि निदान ६० टक्के पुढच्या किमान तीन वर्षांत थोडा थोडा द्यायचा. मधे भानगड निघाली तर न दिलेला अडवता येतो आणि दिलेला परत मागता येतो. आमच्या स्लॅबला मात्र असं काही नाही. आमचा महिना संपला की संपला.

डिमॅट_दादा

आता माझी पाळी. पीडीएफवाले काका बहुतेक मीच, पण धरमपेठेत असे बरेच आहेत.

भाऊ, एमडीचा पगार तुमच्या चौकटीत बसतच नाही, त्याचा रुळच वेगळा. बोर्डाची एक कमिटी असते, नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी, एनआरसी. कंपनी कायदा २०१३ चं कलम १७८. सगळे बिगर-कार्यकारी डायरेक्टर, लिस्टेड कंपनीत आता दोन तृतीयांश इंडिपेंडंट, अध्यक्षही इंडिपेंडंट. ते बोर्डाला सुचवतात, बोर्ड शेअरहोल्डरांपुढे नेतं. कलम १९७ ची मर्यादा आहे, सगळ्या डायरेक्टरांचं मिळून निव्वळ नफ्याच्या ११ टक्के, एका एमडीला ५. नफाच पुरेसा नसेल तर शेड्यूल ५ मधले तक्ते. ह्याच्या वर जायला पूर्वी दिल्लीची परवानगी लागायची, सप्टेंबर २०१८ पासून ती गेली, आता शेअरहोल्डरांचा स्पेशल ठराव पुरतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश बाजूने.

कमिटी आकडा कुठून आणते? एक कन्सल्टंट बोलावते, तो वीस 'आपल्यासारख्या' कंपन्यांची यादी करतो आणि त्यांचा मधला पगार काढतो. आता कोणतं बोर्ड म्हणेल की आमचा एमडी मधल्यापेक्षा कमी प्रतीचा आहे? लग्नाच्या बायोडेटात कोणाचा मुलगा साधारण असतो का? सगळे मधल्याच्या थोडं वर ठेवतात, आणि पुढच्या वर्षी मधलाच वर सरकतो. त्यात यादीत कोण घ्यायचं हेच खरं राजकारण, आपल्यापेक्षा दुप्पट मोठ्या चार कंपन्या घातल्या की काम झालं.

अडवतं कोण? क्वचित, पण अडवतात. २०१४ ला टाटा मोटर्सच्या तीन वरिष्ठांच्या मानधनाचे ठराव शेअरहोल्डरांनी पाडले, कारण स्वतंत्र कंपनीचा नफा कमी होता म्हणून तीन चतुर्थांश मतं लागत होती आणि ती पडली नाहीत. जानेवारी २०१५ ला पुन्हा मांडून पास करून घेतले. २०२१ ला आयशर मोटर्समध्ये सिद्धार्थ लाल ह्यांची फेरनेमणूक आणि मानधन एकाच ठरावात बांधलं होतं, ७३ टक्के मतं मिळाली, लागत होती ७५, पडला. मग कंपनीने दोन ठराव वेगळे केले, मानधनाची कमाल मर्यादा नफ्याच्या ३ वरून दीड टक्क्यावर आणली आणि मग पास झालं. आणि २०१७ चं इन्फोसिस तर सगळ्यांना आठवत असेल, सीओओंचा पगार वाढला तेव्हा नारायण मूर्तींनी जाहीर पत्रच लिहिलं, की वरच्या माणसाला ६०-७० टक्के आणि बाकीच्यांना ६ ते ८, हे बरोबर नाही. ठराव तरी पास झालाच.

इतवारी_गल्ला

आणि मालकच एमडी असला तर? आमच्यासारखा?

डिमॅट_दादा

त्यावर सेबीने एप्रिल २०१९ पासून लगाम लावलाय. प्रवर्तक घरातल्या कार्यकारी डायरेक्टरचा पगार ५ कोटी किंवा नफ्याच्या अडीच टक्के, ह्यातलं जे जास्त असेल, त्याच्या वर गेला की स्पेशल ठराव. पण मालकाचा पगार बघूच नका, त्याचं पोट डिव्हिडंडवर भरतं. मुकेश अंबानींनी २००८-०९ पासून पगार १५ कोटीला बांधून घेतला होता आणि २०२०-२१ पासून शून्य. त्यांचं काय अडलं?

भाऊ, तुमच्या पीडीएफकडे या. बोर्ड रिपोर्टच्या मागे एक परिशिष्ट असतं, 'कलम १९७(१२)' असं सर्च करा. त्यात प्रत्येक डायरेक्टरचा पगार कंपनीतल्या मधल्या कर्मचाऱ्याच्या किती पट, त्याची वाढ किती टक्के, मधल्या कर्मचाऱ्याची किती, कायम कर्मचारी किती, सगळं छापावंच लागतं. आणि ते ३४ टक्के डोळे झाकून घेऊ नका. कॉर्पोरेट गव्हर्नन्सच्या भागात एमडीच्या मानधनाचा तक्ता असेल, त्यात पगार, कमिशन, पर्क्विझिट्स म्हणजे पगाराबाहेरचे फायदे, वेगळे दिलेले असतात. चार वर्षांपूर्वी दिलेले ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घ्यायचे हक्क, यंदा वापरले तर त्या दिवशीचा शेअरचा भाव वजा त्याने भरलेली किंमत, हा सगळा फरक ह्याच वर्षीच्या पर्क्विझिटमध्ये पडतो.

बुटीबोरीचा_भाऊ

पाह्यलं, बसलो होतो रात्री दोनपर्यंत, बायको म्हणे परीक्षा आहे का. दादा बरोबर. पगार ८ टक्के वाढला, कमिशन तर थोडं कमीच झालंय, बाकी सगळी वाढ ईसॉपची. मधल्या कर्मचाऱ्याची वाढ ७.२. म्हणजे मी मधल्यापेक्षाही खाली, 'एक्सीड्स' घेऊन!

काउंटरपलीकडे

पण दादा, 'ईसॉपमुळे आहे' म्हणजे वाढ नाही असं थोडीच? ईसॉप दिले कोणी? कमिटीनेच ना. पगार दाखवायचा ८ आणि खरा पैसा मागच्या दाराने. आणि शेअर वर गेला तो अख्खं मार्केट वर गेलं म्हणून, त्यात ह्यांची काय कर्तबगारी?

डिमॅट_दादा

हा मुद्दा मान्य, आणि त्यावर जगभर भांडण आहे. म्हणून काही कंपन्या आता नुसते ऑप्शन न देता अट घालतात, तीन वर्षांत आपला शेअर निर्देशांकापेक्षा किंवा त्या यादीतल्या कंपन्यांपेक्षा जास्त वाढला तरच. पण कायद्याने आवळायला गेलं की कसं उलटतं ते पण बघा. अमेरिकेत १९९३ ला नियम केला की वरच्या अधिकाऱ्याचा १ मिलियन डॉलरच्या वरचा पगार कंपनीला करातून वजा मिळणार नाही, कामगिरीशी जोडलेला असेल तर मात्र मिळेल. झालं, बऱ्याच कंपन्यांनी पगार एक मिलियनला नेऊन ठेवले आणि वरचं सगळं स्टॉक ऑप्शनमध्ये ओतलं. ती सवलत २०१७ च्या कायद्यात काढली, तोवर चोवीस वर्षं गेली.

तर्रीवाला

मले एवढंच समजलं की खालच्याचा बोनस नफा कमी झाला की कमी होते, अन् वरच्याचा शेअर वर गेला की जास्त होते, अन् एकाच वर्षी दोन्ही होऊ शकते. बरोबर आहे का जी?

कॉम्पबेन_ताई

बरोबर आहे. चौदा वर्षांत इतकं नीट मला प्रेझेंटेशनमध्ये मांडता आलं नाही.

भाऊ, तुम्ही एक करा. एमडीचं सोडा, ते तुमच्या हातात नाही. एचआरला मेल टाका आणि दोनच गोष्टी विचारा, माझ्या ग्रेडचा मिडपॉइंट किती आणि माझा कॉम्पा-रेशो किती. 'वाढ कमी का' असं विचारू नका, त्याला गोलमोल उत्तर येतं. आकडा मागितला की आकडा द्यावा लागतो किंवा नाही म्हणावं लागतं. सगळ्या कंपन्या सांगत नाहीत, पण विचारायला काय.

बुटीबोरीचा_भाऊ

अकरा दिवसांनी येऊन राहिलो. उत्तर आलं. मेलवर नाही दिलं, एचआरवाली पोरगी प्लांटला आली होती तेव्हा लॅपटॉपवर दाखवलं, फोटो नको म्हणाली.

मिडपॉइंट १७ लाख ४० हजार. माझा कॉम्पा १.१०३. चौकट ताईंनी लिहिली तशीच, १.१ पर्यंत असतो तर १० टक्के, वर गेलो म्हणून ६.५. मी तिथेच मोबाईलवर गुणाकार केला. १७.४ गुणिले १.१ म्हणजे १९ लाख १४ हजार. माझा पगार १९ लाख २० हजार. सहा हजाराने. वर्षाच्या सहा हजाराने मी त्या रेघेच्या पलीकडे गेलो अन् साडेतीन टक्के, म्हणजे ६७,२०० रुपये, गेले.

अन् ते सहा हजार कुठून आले माहीत आहे का. मागच्या वर्षी महिन्याला ५०० चा मोबाईल भत्ता होता, एचआरने मेल पाठवून सांगितलं की आता तो तुमच्या पगारात मर्ज करून राहिलो, पीएफ-ग्रॅच्युइटीला फायदा होईल. मी थँक यूचा रिप्लाय पण केला होता.

पहिला_जॉब

बाप रे.

तर्रीवाला

५०० चा रिचार्ज ६७ हजाराला पडला बे. रविवारचे पोहे माझ्याकडून, ये तू.

कॉम्पबेन_ताई

ह्याला आम्ही क्लिफ म्हणतो, रेघेच्या ह्या बाजूला जमीन आणि त्या बाजूला दरी. चांगल्या मॅट्रिक्समध्ये शेजारच्या खणांत दीड-दोन टक्क्यांचाच फरक ठेवतात म्हणजे कोणी असं पडत नाही. भाऊ, हे दुरुस्त होऊ शकतं. बऱ्याच कंपन्यांत ऑक्टोबरच्या सुमारास करेक्शनचं छोटं बजेट असतं आणि भत्ता मर्ज झाल्यामुळे खण बदलला हे तिथे मांडायला सगळ्यात सोपं कारण आहे, कारण त्यात कोणाच्या रेटिंगला हात लागत नाही. अर्ज प्लांट हेडकडून जाऊ द्या, थेट नको. तो आधीही तुमच्यासाठी भांडलाय.

बुटीबोरीचा_भाऊ

साहेब गुरुवारपर्यंत सुट्टीवर आहेत, पचमढीला गेले. आले की जातो.

कोळसा_निवृत्त

तोंडी बोलू नका. लेखी द्या, मर्जचा तो मेल जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट सही घ्या.